लाल नसलेलं ब्लाउज

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि तिथे पाठवायला घरचे तयार नव्हते, एवढंच कारण. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. कापड मोजायला चौथी पुरते. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत मी कितीतरी वर्षं बायकांचे कपडे शिवते आहे, आणि आजवर एकीनेही माझं प्रगतिपुस्तक मागितलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र मी जावास्क्रिप्ट ही कॉम्प्युटरची भाषा शिकले. शिकले म्हणजे लिहिता येत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला कळली, आणि ती माझ्या नातीच्या आधी कळली. फुशारकी वाटेल. वाटू द्या.

नात कॉम्प्युटरचं शिकलेली. मार्क चांगले, अक्षर चांगलं, स्वभाव गरीब. गरीब स्वभाव ही चांगली गोष्ट आहे असं लोक म्हणतात, कारण तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. या पोरीला ‘नाही’ म्हणता येत नसे. शेजारीण म्हणाली माझ्या मुलाचा प्रोजेक्ट करून दे, की हो. मैत्रीण म्हणाली माझ्यासोबत बर्डीवर खरेदीला चल, की हो, पायाला फोड आलेले असले तरी. पहिल्या मुलाखतीत तिला विचारलं, हे येतं का, ते येतं का. ती सगळ्याला हो म्हणाली. मग त्यांनी म्हटलं, करून दाखव. तिथे संपलं. दुसऱ्या मुलाखतीत साहेब म्हणाला की तुझं उत्तर चुकलं आहे, आणि ती हो म्हणाली. घरी येऊन पाहिलं तर तिचंच उत्तर बरोबर होतं.

माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, जेवताना जाहीर केलं की तिसरीकडे जमलं नाही तर पुणे. पुण्यात तिचा मामा आहे, तो कुठेतरी चिकटवून देईल.

“चालते ना वं तुले?” त्याने विचारलं.

“हो बाबा,” ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “आजी, मले पुण्याले नाही जायचं.”

“मग काल हो काहून म्हटलं?”

“बाबा विचारून राहिले होते ना.”

मी काजं करत बसले. आमच्याकडची पोरं शिकतात आणि पुण्याला जातात, हे आता इतकं ठरलेलं आहे की इथे राहिलेल्याला लोक विचारतात, काय झालं, तब्येत बरी नाही का. तिला इथेच राहायचं होतं. इथे तिच्या मैत्रिणी आहेत, गाडी आहे, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर ती चालवत जाते ते तिला आवडतं. ही काही मोठी कारणं नाहीत. पण राहण्याची कारणं मोठी असायला पाहिजेत असं कुठे आहे?

तिसरी कंपनी इथलीच, विमानतळाजवळच्या मिहानमधली होती. त्यांनी आधी घरी करायचं काम पाठवलं. चार दिवसांची मुदत. ते आवडलं तर मुलाखत. मे महिना होता आणि घरातला मोठा कूलर माझ्या शिलाईच्या खोलीत, म्हणून ती लॅपटॉप घेऊन माझ्या कटिंगच्या पाटावर येऊन बसली. माझे कापडाचे गठ्ठे तिने खाली ठेवले. मी ते परत वर ठेवले. शेवटी अर्धा पाट तिचा, अर्धा माझा.

“काय करून राहिली?” मी विचारलं. कोणी शेजारी बसून गप्प काम करत असलं की मला विचारावंच लागतं.

“पानावर वस्तू बनवायच्या आहेत.”

“कोणत्या पानावर?”

“वेबसाइटच्या, आजी. तू फोनवर गॅस बुक करते ना, तिथं बटण असते, यादी असते, डब्बा असते. ते सगळं कोणीतरी बनवलेलं असते. त्याले एलिमेंट म्हणतात.”

“मग बनव.”

“बनवता येते. पण लय लिहावं लागते.”

तिला बोलून दाखवलं की सुचतं, हे मला तिच्या शाळेपासून माहीत. म्हणून मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, सांग. तिने गठ्ठ्यावरची माझीच एक चिठ्ठी उलटी केली आणि मागे मराठीत लिहून दाखवलं:

बटण.मोठं.निळं#पाठवा

“हे पाय. आधी वस्तू कोणती, बटण. मग टिंब देऊन प्रकार. मोठं, निळं. असे प्रकार कितीही लावता येतात आणि एक प्रकार कितीही जणांचा असू शकते. मग ही उभ्याआडव्या रेघांची जाळी, तिच्यापुढं एकटीचं नाव. ते पानावर एकाचंच. असं लिहिलं की कॉम्प्युटर पानावरून बरोबर तेच बटण शोधून काढते. याले सिलेक्टर म्हणतात.”

“मग अडचण काय आहे?”

“शोधायले एक ओळ. पण तेच बटण बनवायचं असलं तर बनव म्हण, मग मोठं लाव, मग निळं लाव, मग नाव लाव, मग कशाच्या आत टाकायचं ते सांग. पाच-सहा ओळी. कंपनी म्हणते, असं फंक्शन लिही की शोधायची जी ओळ आहे तीच दिली की वस्तू बनली पाहिजे.”

मी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि सुलटी केली. त्या बाजूला माझ्या अक्षरात होतं: ब्लाउज. त्याखाली रेघ आणि कटोरी. रेघ आणि मागे नाडी. रेघ आणि कोपराबाही. सगळ्यांत खाली चौकोनात: पाणीटाकीवाली, म्हणजे टाकीजवळ राहणारं गिऱ्हाईक.

“हे काय आहे?” मी म्हटलं.

तिने मान तिरपी करून चिठ्ठी वाचली.

“कापड आलं की मी हे लिहितो आणि टाचणीनं लावतो. हे वाचून शिवतो. शिवून झालं की हीच चिठ्ठी वर असते, हेच वाचून गठ्ठ्यातून काढतो. बनवायची चिठ्ठी निराळी आणि शोधायची निराळी, असं करत बसलो असतो तर मरायले टेकलो असतो.”

“आजी,” ती म्हणाली, “तू टिंबाच्या जागी रेघ मारते.”

“टिंब दिसत नाही मले.”

तिला हसू आलं. मग ती कामाला लागली, आणि चौकोनात एकटीचं नाव का असतं ते मी तिला सांगितलं, तिने विचारलं नव्हतं तरी. ते मी फुकट शिकलेले नाही. एका महिला भजनी मंडळाने माझ्याकडे चौदा ब्लाउजं टाकली होती. एकच थान, एकच रंग, केशरी, गोल गळा, साधी बाही. भजनांच्या स्पर्धेसाठी. मी चौदा चिठ्ठ्यांवर मापं लिहिली आणि चौकोनात चौदाही जागी लिहिलं ‘मंडळ’. मला वाटलं, मंडळाचंच तर आहे. स्पर्धेच्या सकाळी सगळ्या एकदम आल्या, माझ्या या एवढ्याशा खोलीत, आणि ज्या हाताला जे लागलं ते घेऊन गेल्या. मापं वाचायला वेळ कोणाला होता? पहिला अभंग बसून होता, तो नीट झाला. दुसऱ्याला उभं राहून हात वर करून टाळ वाजवायचे होते. तीन जणींच्या काखा उसवल्या. एकीची बाही इतकी लांब होती की टाळ त्यात अडकला. बक्षीस गेलं आणि मंडळात दोन तट पडले. ते तट अजून आहेत.

“म्हणजे एकटीच्या नावाच्या जागी तू प्रकार लिहिला, आयडीच्या जागी क्लास,” नात म्हणाली.

“मी मूर्खपणा केला,” मी म्हटलं. “तुमच्यात त्याले काय म्हणतात ते तू जाण.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. फंक्शन चालत होतं. तिने ओळ लिहिली, कळ दाबली आणि माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं. पान कोरं.

“कुठं आहे?”

“बनलं आहे. पण पानावर लावलं नाही अजून.”

“शिवून कपाटात ठेवलं.”

“हो. तसंच.”

“मग गिऱ्हाइकाले कसं दिसंल?”

तिने आणखी एक ओळ लिहिली आणि पानावर निळं बटण आलं. मग तिने बाणाच्या टोकासारखी खूण वापरून एकाच्या आत एक वस्तू टाकून दाखवल्या, यादीच्या आत ओळ, ओळीच्या आत शब्द. आपण ब्लाउजच्या आत अस्तर आणि अस्तराच्या आत कप लावतो, तसंच. मी म्हटलं, झालं की मग. पाठव.

ती म्हणाली, उद्या कंपनीची उदाहरणं लावून बघते. वीस दिली आहेत.

तिसऱ्या दिवशी वीसपैकी सोळा पहिल्या तासात झाली. उरलेल्या चारांशी ती दिवसभर झगडली. जेवायला उठली नाही. मी दोनदा हाक मारली, दोनदा ‘हो’ म्हणाली आणि बसून राहिली. चार वाजता मी पोळी-भाजी तिच्या अर्ध्या पाटावर आणून ठेवली. लॅपटॉपला तेल लागेल म्हणाली. मी म्हटलं, मग आधी खा.

खाताना ती नाक ओढत होती. रडत नव्हती, पण सोय करून ठेवली होती.

“काय अडलं?”

“एक उदाहरण आहे: लाल नसलेला डब्बा.”

“म्हणजे?”

“पानावर शोधताना असं म्हणता येते. लाल सोडून जेवढे डब्बे असतील तेवढे दे. ते शोधते. पण बनवायचं कसं? मी आधी निळा बनवला. मग वाटलं, निळाच काहून? मग बिनरंगाचा बनवला. मग वाटलं, हे बी बरोबर नाही. पुढचं उदाहरण आहे, तिसरी ओळ. शोधायले सोपं आहे, यादीतली तिसरी. पण पहिल्या दोन नसतील तर तिसरी कशी बनवू? मी पहिल्या दोन रिकाम्या बनवून टाकल्या. मग त्या पानावर दिसायले लागल्या. मग त्या लपवल्या.” तिने घास गिळला. “आणि एक आहे, कोणतीही वस्तू. चांदणी काढली की शोधताना कोणतीही चालते. आता कोणतीही मी कशी बनवू?”

“त्यांनी काय लिहिलं आहे याच्याबद्दल?”

“योग्य ते करा.”

मी हसले. मला खरंच हसू आलं. माझ्याकडे निम्म्या बाया असंच सांगून जातात. काकू, तुम्हाले समजते तसं करा. आणि नेताना त्यांना बरोबर समजतं की आपल्याला काय नको होतं.

“लाल नसलेलं ब्लाउज मी शोधून देईन तुले,” मी तिला म्हटलं. “हा गठ्ठा आहे, आता काढतो. पण लाल नसलेलं ब्लाउज शिव म्हणशील, तर मी शिवत नाही.”

“काहून?”

मग मी तिला ते सांगितलं जे मी कोणाला सांगत नाही, कारण त्यात चूक माझी होती. एक बाई हिरवट मोरपंखी कापड घेऊन आली. कडेला पायपिन, म्हणजे बारीक गोट लावायची होती. मी रंग विचारला. ती म्हणाली, लाल सोडून कोणतीही लावा, लालचा कंटाळा आला. मी चिठ्ठीवर लिहिलं: पायपिन, लाल नाही. शिवायला बसले तेव्हा समोर काळी पट्टी तयार होती. जरीच्या कडेला काळी छान उठून दिसत होती. लावली. लाल नव्हती, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे बरोबर होतं. ती बाई ते ब्लाउज घालून पोरीच्या लग्नात बोहल्याजवळ उभी राहिली, आणि तिच्या सासूने साऱ्या वऱ्हाडादेखत विचारलं, पोरीच्या लग्नात काळं घालून आली का वं? लग्नात घालायचं आहे हे तिने सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. ती आत जाऊन साडी-ब्लाउज बदलून येईपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. फोटोत तीच नाही. पोरीचं लग्न लागलं आणि आईचा फोटो नाही.

“तेव्हापासून मी चिठ्ठीवर ‘नको’ लिहीत नाही,” मी म्हटलं. “बाईनं हजार गोष्टी नको म्हटल्या तरी ऐकून घेतो आणि विचारतो, पाहिजे काय? ते सांग. सांगत नसशील तर कापड परत ने. कापलेलं कापड जुळत नाही.”

“पण आजी, त्यांनी उदाहरण दिलं आहे. काहीतरी तर द्यावं लागंल ना.”

“काहून द्यावं लागंल?”

तिने पोळीचा तुकडा नुसता भाजीत फिरवला. मला तिचा चेहरा माहीत होता. शेजारणीच्या मुलाचा प्रोजेक्ट करताना असाच असायचा.

“त्यांनी तुले योग्य ते कर म्हटलं. बनवच असं नाही म्हटलं. तुह्या त्या फंक्शनले तोंड आहे का?”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याले बोलता येते का, की हे मी करत नाही?”

“एरर देता येते.”

“मग देऊन टाक.”

तिने पोळी अर्धी ठेवली आणि हात धुऊन आली. संध्याकाळपर्यंत तिने चारही उदाहरणांना नकार बसवला. चौथं उदाहरण वेगळं होतं. त्यात एकाच्या आत दुसरं, पण नेमकं कुठे ते सांगितलेलं नाही, आत कुठेतरी. मी म्हटलं, बाई सांगते कप आत कुठेतरी लावा, तर मी लावते का? ती म्हणाली नाही, आणि त्यालाही नकार. मग नकाराची वाक्यं काय लिहायची, हे तिने मला विचारलं. ती लिहीत होती, क्षमा करा, ही ओळ सध्या चालू शकत नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी म्हटलं, हे वाचून कोणाला काय कळेल? पुन्हा प्रयत्न करून पुन्हा हेच येणार. लिही: हे शोधता येतं, बनवता येत नाही. लाल नको हे कळलं, काय हवं ते लिहा. तिसऱ्या ओळीसाठी लिही: पहिल्या दोन कुठे आहेत? तिने इंग्रजीत करून टाकलं. इंग्रजीत तेवढं लागलं की नाही मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाठवताना तिचं बोट कळीवर थांबलं.

“आजी, बाकीचे सगळे काही ना काही बनवून पाठवतील.”

“पाठवू दे.”

“त्यांचे वीसचे वीस होतील. माझे सोळा.”

“तुहे वीसच आहेत. सोळा शिवले, चार परत केले.”

तिने डोळे मिटून कळ दाबली. उघड्या डोळ्यांनी दाबली असती तरी तेच गेलं असतं.

मुलाखतीला बोलावलं. फोनवर चेहरे दिसतात तशी, लॅपटॉपवर. नेट फक्त माझ्याच खोलीत नीट येतं, म्हणून तिथेच. कूलर बंद करावा लागला, कारण त्याचा आवाज विमानतळासारखा येतो. मशीन बंद. मला बाहेर जायला सांगितलं, पण ते ब्लाउज संध्याकाळी द्यायचं होतं, म्हणून मी कोपऱ्यात हातशिलाई करत बसले, तिथे कॅमेरा पोहोचत नाही. मेच्या दुपारी कूलर बंद खोलीत दोघी जणी बसलो, दोघींना घाम. तिचा निदान भीतीचा होता. माझा नुसता उन्हाचा.

समोर एक मॅडम होत्या. वय पस्तिशीचं असेल, केस वर बांधलेले. पहिली पंधरा मिनिटं इंग्रजी. मला त्यातलं ‘ओके’ कळत होतं आणि नातीचं ‘येस मॅम’ कळत होतं. येस मॅम जरा जास्तच येत होतं. मी तिच्याकडे बघितलं, पण ती माझ्याकडे बघेना.

मध्येच दारातून पाणीटाकीवाली आली. “काकू, झालं का वं माझं?” असं म्हणत ती चप्पल काढायला लागली. मी कात्री वर केली. त्या बाईने माझ्या हातातली कात्री बघितली, माझं तोंड बघितलं आणि चप्पल परत घातली. नंतर ती गल्लीत सांगत होती म्हणे की म्हातारीचं डोकं फिरलं.

मग मॅडमनी काहीतरी विचारलं आणि नात थांबली. मॅडमनी परत विचारलं. नातीने ओढणीने कपाळ पुसलं. तेव्हा मॅडम मराठीत आल्या, आणि तेही आपल्या नागपुरी मराठीत.

“मले एक सांग. लाल नसलेला डब्बा तू काहून नाही बनवला? साधा बिनरंगाचा डब्बा बनवला असता, तर तो लाल नाहीच आहे ना? मग शोधायची अट पूर्ण झाली की नाही?”

मी सुई थांबवली. कारण ते बरोबर होतं. साधा डबा लाल नसतोच. हे मला सुचलं नव्हतं. माझी काळी पायपिनही लाल नव्हती.

नात म्हणाली, “हो मॅम.”

मला वाटलं, गेलं. पुणे.

“अट पूर्ण होते,” ती पुढे बोलली. हळू बोलत होती. “पण ज्यानं ती ओळ लिहिली त्याच्या मनात काहीतरी रंग असंल. मी साधा डब्बा दिला तर त्याले वाटंल झालं. चूक तिथंच लपून राहील आणि मग पानावर दिसंल, लोकांसमोर. त्यापेक्षा लिहितानाच थांबवलेलं बरं. म्हणून मी बनवत नाही.”

“पण आमच्या गिऱ्हाइकाले एरर आवडत नाही.”

“नाही मॅम.”

“काय नाही?”

“म्हणजे, नसंल आवडत. पण मी तरी एररच देईन.”

मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आणि हे आत कुठेतरी वालं? इथं बी एरर. आत कुठेतरी म्हणजे अगदी लगेच आत टाकलं तरी ते आतच आहे. आणि इथं काय लपून राहते?”

नातीने स्क्रीनवरची ती ओळ परत परत वाचली. इतका वेळ की मॅडमनी मान वर केली. मला मध्ये बोलायचं होतं. कप आत कुठेतरी लावता येत नाही, मी स्वतः तिला सांगितलं होतं. मी ओठ दाबून धरले.

“इथं काही लपत नाही,” ती म्हणाली. “तुमचं बरोबर आहे. लगेच आत टाकता येते. हे मी बनवायले पाहिजे होतं. बाकीचे तीन नाही.”

म्हणजे माझा सल्ला चौथ्यात चुकला होता. कापडाचं सगळंच कॉम्प्युटरला लागत नाही, हे मी तिथे बसून शिकले. तिने ते माझ्यासमोर कबूल केलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मला जरा राग आला. मग गेला.

“ही वाक्यं कोणी लिहिली?” मॅडमनी विचारलं. “पहिल्या दोन कुठे आहेत, हे?”

“आजीनं सांगितली.”

“काय करतात आजी?”

“ब्लाउज शिवते.”

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आमच्या इथं अशी वाक्यं कोणाले लिहिता येत नाहीत.” आणि परत इंग्रजी सुरू झालं. दहा मिनिटांनी स्क्रीन काळी झाली. मी उठून आधी कूलर लावला.

“कसं झालं?”

“माहीत नाही.”

“दोन ठिकाणी स्वतःच्या मनाचं बोलली तू.”

“हो ना,” ती म्हणाली, आणि कूलरसमोर जाऊन उभी राहिली.

आठवड्याने मेल आला. घेतलं होतं. सहा महिने बघू, मग पक्की, असं होतं, पण घेतलं होतं. तिच्या आईने शेवया केल्या. जेवताना माझा मुलगा खूश होता. तो चांगला माणूस आहे, फक्त त्याला एका गोष्टीवर समाधान होत नाही.

“असं कर,” तो तिला म्हणाला, “मिहानले हो कळवून दे. आणि मामाले बी हो म्हणून ठेव. त्यानं तिकडं बोलून ठेवलं आहे. इथं सहा महिन्यांत नाही जमलं तर तिकडची जागा हातात पाहिजे. दोन्ही असू दे.”

पोरीने चमचा शेवयांत ठेवला.

“नाही बाबा.”

“काय नाही?”

“मामाले हो नाही म्हणत. मी जाणार नाही पुण्याले.”

“आता कुठं जायले सांगून राहिलो? नुसतं म्हणून ठेव.”

“नुसतं बी नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं, जणू ही शिलाई मी सैल केली आहे.

“मह्याकडे काय पाहतो?” मी म्हटलं. “तिनं सांगितलं ना.”

“मग तूच फोन कर मामाले,” तो तिला म्हणाला. त्याला वाटलं, इथे ती मागे येईल. मलाही तसंच वाटलं.

तिने तिथेच, ताटावरून न उठता, डाव्या हातात फोन धरून लावला. मामा आधी कौतुक करत होता, ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. मग तो म्हणाला की इथलं मी पाहून ठेवतो. ती म्हणाली, “नको मामा, पाहू नका. मी नागपुरातच राहणार आहे.” मग त्याने विचारलं, काहून गं, काही अडचण आहे का?

“अडचण नाही. मले इथंच राहायचं आहे.”

फोन ठेवून तिने शेवया संपवल्या आणि आईला आणखी वाढायला सांगितल्या. मामा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून विचारलं की मिहानला डबा मिळतो की घरून न्यावा लागतो.